उसनी गोदावरी

नाशकातली जुनी माणसे गोदावरीला क्वचितच गोदावरी म्हणत. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पूर आला’, ‘गंगेवरून भाजी आण’ अशीच घराघरातली भाषा होती, आणि पंचवटीत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाला उत्तरेत दुसरी एक गंगा आहे हे शाळेत भूगोल सुरू झाल्यावरच नीट कळले. त्यामुळे 1953 साली भारतीय नौदलाने ब्रिटनकडून घेतलेल्या तीन युद्धनौकांना गोदावरी, गंगा आणि गोमती अशी नावे दिली हे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा तीनपैकी दोन जहाजे आपलीच आहेत, असा एक अगदी नाशिककरी आनंद मला झाला होता.

या जहाजांशी माझी ओळख मात्र वाचनातून झालेली नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त नौसैनिक राहत असत; आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर, एका जहाजाचा कृष्णधवल फोटो लावलेला होता आणि खाली ‘गोदावरी’ असे शाईने लिहिलेले होते. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली गोदावरी ही युद्धनौका 1983 च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते, आणि मी मोठ्या उत्साहाने काकांना म्हणालो होतो, की तुमचे जहाज पेपरात आले आहे. त्यांनी पेपर हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अरे, ही नात. माझी ती आजी.” मग त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला. त्यातल्या जहाजाला हेलिकॉप्टरसाठी जागा नव्हती. एकच धुरांडे, पुढच्या बाजूला एक जोडतोफ, मागच्या बाजूला एकामागे एक दोन जोडतोफा, आणि कप्तान उभा राहतो तो मंच वरून उघडा, असे ते दिसत होते. उत्तर समुद्राच्या थंडीसाठी बांधलेले ते जहाज अरबी समुद्राच्या उन्हात आले होते.

काकांच्या त्या गोदावरीचे जन्मनाव होते बेडेल. ती ब्रिटनच्या हंट वर्गातली रक्षक विनाशिका होती. या वर्गातल्या जहाजांना ब्रिटनमधल्या कोल्ह्यांच्या शिकारीच्या मंडळींची नावे दिलेली होती, आणि एका परीने ती शोभतही होती, कारण त्यांचे काम पाणबुड्यांच्या मागावर राहण्याचे आणि मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना सांभाळण्याचे होते. दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा ब्रिटनला मोठ्या विनाशिका हव्या तितक्या संख्येने आणि हव्या तितक्या लवकर बांधता येण्यासारख्या नव्हत्या. म्हणून थोडी लहान, थोडी संथ, पण तोफा आणि डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, यांनी भरलेली नौका काढावी असे ठरले, आणि अशी एकूण 86 जहाजे बांधली गेली. मोठ्या विनाशिकांचे मुख्य अस्त्र म्हणजे पाणतीर, अर्थात टॉर्पेडो. बेडेलच्या उपवर्गातल्या जहाजांवर ते मुळीच नव्हते, यावरूनच शत्रूच्या मोठ्या जहाजांवर चालून जाणे हे त्यांचे काम नव्हते, हे लक्षात येते.

या वर्गाच्या रचनेत सुरुवातीलाच एक मोठी चूक झाली होती, आणि यंत्रांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ती हकीकत फार जवळची वाटते. वजनाच्या हिशेबात घोटाळा झाल्याने पहिले जहाज बांधून झाल्यावर, ते कलवून पाहण्याच्या चाचणीत, त्याचा गुरुत्वमध्य धोकादायक इतका वर असल्याचे आढळले. म्हणजे कागदावर सहा तोफा बसत होत्या, पाण्यावर मात्र त्या बसवल्या तर जहाज उलटण्याची भीती होती. तोवर बरीच जहाजे निम्मीअर्धी बांधून झाली होती. त्यांच्यावरची एक जोडतोफ कमी केली, वरचे बांधकाम छाटले आणि तळाशी 50 टन कायमचे वजन टाकून ती निभावून नेली. पुढच्या उपवर्गाची रुंदी अडीच फुटांनी वाढवली, तेव्हा कुठे सहा तोफा तिच्यावर सुखाने राहिल्या. भारताला मिळालेली तिन्ही जहाजे या दुसऱ्या, रुंद उपवर्गातली होती. अशा एका नौकेची लांबी 280 फूट, मानक वजन सुमारे 1,050 टन, दोन बॉयलर, पाण्यातले दोन पंखे, 19,000 अश्वशक्तीची वाफेची टर्बाइने आणि ताशी 25 ते 27 सागरी मैलांचा वेग, असा साधारण तिचा आराखडा होता.

बेडेल मात्र ब्रिटिश म्हणून लढलीच नाही. टाइन नदीवरच्या हेबर्न येथील हॉथॉर्न लेस्लीच्या गोदीत 1941 च्या जुलैत ती पाण्यात उतरली आणि 1942 मध्ये पूर्ण झाली ती सरळ पोलंडच्या नौदलाच्या हाती गेली. पोलंड हा देश तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता, त्याचे सरकार लंडनमध्ये होते आणि त्याचे नौसैनिक परक्या बंदरांत राहून परक्या जहाजांवर स्वतःचे निशाण फडकवत होते. त्यांनी बेडेलचे नाव श्लोंझाक, म्हणजे सायलेशिया प्रांताचा रहिवासी, असे ठेवले. 1942 च्या 19 ऑगस्टला फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप येथे जो फसलेला हल्ला झाला आणि ज्यात कॅनडाच्या तुकड्यांची अक्षरशः चाळण झाली, त्यात श्लोंझाक होती. विमानांचे हल्ले परतवत तिने पाण्यातून काही कॅनेडियन सैनिकांना वर काढले. पुढच्या वर्षी ती सिसिलीच्या मोहिमेत होती आणि 1944 च्या 6 जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर उभी राहून तिने उतरणाऱ्या सैन्याला तोफांचे पाठबळ दिले. युद्ध संपले तेव्हा पोलंडमध्ये नवी राजवट आली होती, लंडनमधल्या सरकारची मान्यता ब्रिटनने 1945 मध्ये काढून घेतली होती, आणि 1946 मध्ये ते जहाज मूळ मालकाकडे परत गेले. परतायला घर नाही अशी वेळ त्यावरच्या कित्येक माणसांवर आली असणार.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या वर्षी श्लोंझाक भूमध्य समुद्रात लढत होती, त्याच वर्षापासून, म्हणजे 1943 ते 1948 या काळात, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलेच होती. पोलंडचे काही लोक महाराष्ट्राच्या आश्रयाला आले आणि पोलंडचे एक जहाज काही वर्षांनी महाराष्ट्रातून निघणाऱ्या नदीचे नाव घेऊन मुंबईच्या बंदरात आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला माहीत आहे, तरी त्या मनात शेजारी शेजारीच राहतात.

काकांची गोदावरी ही ‘आजी’ असली, तरी तिच्याही आधी एक गोदावरी होती. स्वातंत्र्यापूर्वीच्या रॉयल इंडियन नेव्हीसाठी साउदॅम्प्टनच्या थॉर्निक्रॉफ्ट गोदीत बांधलेली स्लूप जातीची, म्हणजे ताफ्यांची राखण करणारी लहान, संथ, ही युद्धनौका 1943 मध्ये दाखल झाली होती. ती नवीकोरी, खास हिंदुस्थानच्या नौदलासाठी बांधलेली होती, आणि ती आपल्याकडे राहिली नाही. फाळणीत पलंग-खुर्च्यांपासून पुस्तकांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली तशी जहाजांचीही झाली. सहा स्लूपपैकी चार भारताकडे आल्या. नर्मदेचे नाव धारण करणारी नर्बदा आणि आपली गोदावरी या दोन पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या. तिकडे नर्बदेची झेलम झाली आणि गोदावरीची सिंध झाली. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणाऱ्या नदीचे जहाज कराचीच्या बंदरात सिंध म्हणून नांगरलेले आहे, ही कल्पना मला काकांच्या त्या फोटोइतकीच विलक्षण वाटते.

आता जरा बारकाईने पाहिले तर एक मौज दिसते. गेलेल्या स्लूपवर चार इंची तोफांच्या तीन जोड्या होत्या. आलेल्या हंट जहाजावरही तसल्याच चार इंची तोफांच्या तीन जोड्या होत्या. भारताकडे राहिलेल्या कावेरीसारख्या स्लूपवरही त्याच तोफा होत्या. म्हणजे तोफखान्याची माणसे, त्यांची कवायत, दारूगोळ्याची कोठारे आणि दुरुस्तीची हत्यारे हे सगळे आधीच हाताशी होते. नव्याने शिकायची होती ती वेगवान टर्बाइने आणि विनाशिकांनी एकत्र, ठरलेल्या रचनेत धावण्याची पद्धत. स्लूप जेमतेम 20 सागरी मैलांच्या वेगाने जात असे. ब्रिटनने जे जुने होते ते पुढे केले आणि आपण मुकाट घेतले, असे या व्यवहाराविषयी काही लोक बोलतात, ते मला म्हणूनच अर्धवट वाटते. देणाऱ्याची गरज होती हे खरे आहे, कारण युद्ध संपल्यावर ब्रिटनच्या खाड्यांत शेकडो जहाजे राखीव म्हणून उभी होती आणि ती चालवायला माणसे नव्हती, सांभाळायला पैसा नव्हता. परंतु घेणाऱ्याचीही निवड होती, आणि ती विचार करून केलेली दिसते.

निवड करायला फार वाव होता असे मात्र नाही. 1948 मध्ये आलेली क्रूझर दिल्ली ही मूळची अकिलीझ, जिने 1939 मध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या प्लेट नदीच्या मुखाशी जर्मनांच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेशी झुंज दिली होती. 1949 मध्ये आलेल्या राजपूत, राणा आणि रणजीत या तीन विनाशिका युद्धातल्याच. मग 1953 मध्ये या तीन हंट आल्या: बेडेलची गोदावरी, चिडिंगफोल्डची गंगा, लॅमरटनची गोमती. त्या विकतही नव्हत्या, ठरावीक मुदतीच्या उसनवारीने दिलेल्या होत्या. मुदत वाढत गेली आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्या भारताने रीतसर विकत घेतल्या. नौदलाचा प्रमुखही त्या काळात ब्रिटिशच असे; व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले ते 1958 च्या एप्रिलात. उसने जहाज आणि उसना प्रमुख घेऊन एक स्वतंत्र देश आपले नौदल उभे करत होता, ही गोष्ट आज वाचताना खटकते, पण काकांना ती कधी खटकलेली मी पाहिली नाही. ते बॉयलरच्या खोलीत होते, आणि तेथे कोणाचा देश कोणता हे विचारायला सवड नसे.

त्या खोलीविषयी ते तासन्‌तास बोलत. बॉयलरला हवेचा दाब लागतो म्हणून ती खोली बंद असे आणि आत जायला दोन दारांच्या मधल्या खणातून जावे लागे. एक दार लावल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, हा पहिला धडा. तेलाचे फवारे आणि हवा यांचे प्रमाण नेमके राखायचे: हवा कमी पडली तर धुरांड्यातून काळा धूर, जास्त झाली तर पांढरा, आणि दोन्ही वेळा वरच्या मंचावरून नळीतून शिव्या. युद्धकाळात धुराचा एक लोट म्हणजे शत्रूला दिलेले आमंत्रण असे, म्हणून ही शिस्त पोलिश खलाशांनाही लागली असणार, असे ते म्हणत. सर्वांत मोठी भीती खाऱ्या पाण्याची. वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी गळू लागली, तर समुद्राचे पाणी बॉयलरच्या गोड्या पाण्यात शिरते आणि आतल्या नळ्या खाऊन टाकते. म्हणून ठरावीक वेळाने पाण्याचा नमुना काढून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झाले की समजायचे, आता रात्रभर झोप नाही. जहाज जुने होते, नळ्या जुन्या होत्या, आणि पाणी वारंवार दुधाळ होई. “आमच्या गोदावरीला गोडे पाणी पचत नसे,” असे ते हसून म्हणत, आणि त्यांच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून “पुरे झाले तुमचे बॉयलर” असे म्हणत चहा आणून ठेवत.

मी स्वतः ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातला एक भाग मला इतरांपेक्षा अधिक कळत असे. ओझरला रशियन मिग विमानांचे काम आधी आलेल्या सुट्या भागांच्या जुळणीपासून सुरू झाले आणि पायरीपायरीने कच्च्या मालापासून भाग घडवण्यापर्यंत गेले. दुसऱ्याने आखलेले यंत्र उघडून, साफ करून, पुन्हा जोडताना हाताला जे कळते, ते नकाशा वाचून कळत नाही. आणि ज्याचे सुटे भाग मिळणे बंद झाले आहे असे यंत्र तर माणसाला दुप्पट शिकवते, कारण प्रत्येक वॉशर, प्रत्येक झडप स्वतः करून पाहावी लागते. हंट जहाजे ब्रिटनमध्येच मोडीत निघू लागली तेव्हा त्यांचे भाग कोण पाठवणार? मुंबईच्या नौदल गोदीतल्या फिटर, टर्नर आणि वेल्डर मंडळींनी ती जहाजे चालती ठेवली. त्यांत कोकणातले, घाटावरचे कितीतरी मराठी कारागीर होते आणि त्यांची नावे कोणत्याही इतिहासात येत नाहीत. उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुने जहाज माणसे खाते. त्याला चालवायला दीडशेच्या आसपास खलाशी लागतात, ते समुद्रावर कमी आणि गोदीत जास्त राहते, आणि त्याची उपकरणे एका पिढीने मागे पडलेली असतात. पाणबुडी शोधण्याचे युद्धकालीन यंत्र साठच्या दशकातल्या पाणबुडीला पुरे पडण्यासारखे नव्हतेच.

जुन्या जहाजांचा हा बाजार केवळ आपल्यापुरता नव्हता. हंट वर्गातली जहाजे नॉर्वे, ग्रीस, डेन्मार्क, इक्वेडोर, पश्चिम जर्मनी अशी जगभर पांगली. त्यातल्या मेंडिपची कथा तर एखाद्या पोरक्या मुलासारखी आहे: 1948 मध्ये ती चीनच्या राष्ट्रवादी सरकारला दिली, तेथे यादवी पेटल्यावर परत घेतली, 1949 मध्ये इजिप्तला विकली, आणि 1956 च्या सुएझ युद्धात हैफा बंदरावर मारा करायला गेली असता इस्रायलने तिला पकडून हैफा हेच नाव दिले. ज्या गावावर तोफा डागायला गेली, त्याच गावाचे नाव कपाळावर घेऊन ती पुढे जगली.

1971 च्या युद्धात या जुन्या जहाजांचा शेवटचा मोठा प्रवेश झाला असे मला वाटते. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या बाहेर राजपूत आणि पाकिस्तानची पाणबुडी गाझी या आमनेसामने आल्या असे आपले नौदल सांगते. राजपूत म्हणजे 1942 मध्ये पाण्यात उतरलेली ब्रिटिश रॉदरहॅम; गाझी म्हणजे 1944 मध्ये पाण्यात उतरलेली अमेरिकन डायब्लो. एकाच युद्धात एकाच बाजूने लढण्यासाठी बांधलेली ही दोन जहाजे, वेगवेगळ्या मालकांकडून वेगवेगळ्या देशांत जाऊन, एकमेकांच्या जिवावर उठली. गाझी बुडाली, ती राजपूतच्या डेप्थ चार्जने बुडाली की तिच्यातच स्फोट झाला, यावर दोन्ही देशांचे म्हणणे आजही जुळत नाही. त्याच 4 डिसेंबरच्या रात्री कराचीपुढे पाकिस्तानची विनाशिका खैबर, म्हणजे मूळची ब्रिटिश कॅडिझ, बुडाली, पण ती बुडवली आपल्या लहानशा, नव्या, रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्र नौकेने. पाच दिवसांनी आपली युद्धनौका खुक्री बुडाली तीही पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच पाणबुडीच्या पाणतीराने. तोफांच्या तीन जोड्या घेऊन ताफा राखण्याचे दिवस सरल्याचे त्या आठवड्यात सगळ्यांनाच दिसले असेल.

गंगा आणि गोमती 1975 च्या सुमारास मोडीत गेल्या. गोदावरी 1976 च्या मार्चमध्ये मालदीवच्या प्रवाळबेटांत खडकावर चढली आणि तिचे इतके नुकसान झाले की ती पुन्हा धडपणे उभी राहिली नाही. काही वर्षांत तिचेही भंगार झाले. काका तेव्हा नौदलातून केव्हाच बाहेर पडले होते. ही बातमी कळल्यावर ते रामकुंडावर जाऊन आले असे त्यांच्या घरचे सांगत. ते स्वतः कधी त्याविषयी बोलले नाहीत.

माझगावच्या गोदीत ब्रिटिश आराखड्याच्या लिअँडर वर्गाच्या जहाजांवर हात बसवून, मग स्वतःच्या नौदलाने आखलेल्या नव्या वर्गाचे पहिले जहाज जेव्हा तयार झाले, तेव्हा त्याला गोदावरी हे नाव दिले आणि पुढच्या दोघांना गंगा व गोमती. तीच तिन्ही नावे पुन्हा एकत्र ठेवली, याचा अर्थ नौदलात कोणाला तरी त्या उसन्या जहाजांची आठवण होती. नवी गोदावरी 126 मीटरहून अधिक लांब होती, तिच्यावर दोन सी किंग हेलिकॉप्टरे होती आणि रशियन, पाश्चात्त्य व देशी उपकरणे एकाच जहाजात बसवण्याची किमया तिच्या आखणीकारांनी केली होती. 1988 च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये उठाव करून, ओलिसांना घेऊन प्रोग्रेस लाइट या जहाजावरून पळालेल्या भाडोत्री सैनिकांना गाठून थांबवले ते याच गोदावरीने आणि तिच्या सोबतच्या बेटवाने.

ती बातमी घेऊन मी काकांकडे गेलो, तेव्हा ते थकले होते, पण मालदीव हे नाव ऐकताच उठून बसले. त्यांनी मला नकाशा आणायला लावला, आजी कोठे रुतली असावी ते बोटाने दाखवले, आणि मग नातीच्या धुरांड्याचा धूर काळा होता की पांढरा असे विचारले. तिच्यावर बॉयलर वाफेचेच आहेत ना, याची त्यांना आधी खात्री करून घ्यायची होती. मी हो म्हणालो. वाफेचेच होते.